मिळालेला मान आणि मिळविलेला मान

आपल्या मराठी भाषेंत 'मान मिळणें' आणि 'मान मिळविणें' असे दोन प्रयोग आहेत, आणि बोलतांना आपण ते एकमेकांच्या जागीं सहज वापरतों. परंतु त्या दोन क्रियापदांत मोठें अंतर आहे. पंक्तीला वडीलधाऱ्यांस अग्रस्थानचें पान मिळतें तें वयाचें. जांवयाला चांदीचें ताट मिळतें तें नात्याचें. लग्नांत व्याह्यांना मिळणारा आहेर हा प्रसंगाचा. यांपैकीं कोणत्याहि मानासाठीं मानकऱ्यानें कांहीं करून दाखविलें असावें अशी अपेक्षा नसते. हे मान वाईट नव्हेत. त्यांच्यावांचून कुटुंबाची धर्मशाळा व्हावयास वेळ लागणार नाहीं. पण ते मिळालेले मान होत. दुसऱ्या जातीचा जो मान, तो मागून मिळत नाहीं, जन्मानें येत नाहीं, आणि एकदां हातीं आला तरी टिकेलच असा भरंवसा नसतो. त्याला संस्कृतांत 'अर्जित' हा नेमका शब्द आहे.

ह्या अर्जित मानाचें स्वरूप पाहण्यासाठीं मी आज वाचकांना अमेरिकेंतील कॉलेजांच्या फुटबॉलच्या मैदानावर नेणार आहें. जन्मभर मुलांकडून धातुरूपें घोकून घेणाऱ्या मास्तराला हा विषय कोठून सुचला, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. आपल्या कितीतरी घरांतील मुलें-मुली आतां त्या देशांतील विद्यापीठांत शिकावयास जातात, आणि तेथून घरीं येणाऱ्या छायाचित्रांत ग्रंथालयापेक्षां क्रीडांगणाचेंच दर्शन अधिक घडतें. आपलीं मुलें ज्या लोकांत राहतात ते लोक कशाला मान देतात, हें घरच्यांनीं समजून घेणें अनाठायीं होणार नाहीं.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. नांव फुटबॉल असलें तरी ह्या खेळांत पायाचें काम थोडें आणि हातांचें व छातीचें फार. चेंडू गोल नसून दोन्ही टोंकांना निमुळता असतो. तो हातांत घेऊन धांवावयाचें किंवा पुढील गड्याकडे फेंकावयाचा, आणि प्रतिपक्षानें धांवणाऱ्याला अंगावर झेप घेऊन पाडावयाचें. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या. दोन कॉलेजांमधील असा पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यांत झाला असें मानतात. त्या वेळीं खेळाचे नियम आजच्याहून पुष्कळच निराळे होते. आज ओहायो स्टेट, मिशिगन यांसारख्या विद्यापीठांच्या प्रेक्षागारांत एका वेळीं लाखाहून अधिक माणसें बसतात. एवढ्या मोठ्या समुदायापुढें विशीच्या आंतबाहेरचीं मुलें खेळतात, हें ध्यानांत ठेवून पुढील मजकूर वाचावा.

ह्या खेळांतील अर्जित मानाची सर्वांत जुनी खूण म्हणजे एक अक्षर. हार्वर्ड कॉलेजाच्या चेंडूफळीच्या खेळाडूंनीं १८६५ मध्यें आपल्या सदऱ्यावर कॉलेजाच्या नांवाचें आद्याक्षर लावलें, आणि दहा वर्षांनीं फुटबॉलच्या संघानें तीच रीत उचलली. पुढें असा प्रघात पडला कीं, येल किंवा प्रिन्स्टन यांच्याविरुद्धच्या महत्त्वाच्या सामन्यांत जो प्रत्यक्ष खेळला, त्यानेंच तो अक्षराचा सदरा स्वतःजवळ ठेवावा. बाकीच्यांनीं हंगाम संपतांच परत करावा. सदरा सर्वांना सारखाच मिळे. भेद पडे तो शेवटीं. सबंध हंगाम अंगावर वागविलेलें वस्त्र घडी करून परत देतांना त्या तरुणांना काय वाटत असेल, याची कल्पना परीक्षेच्या निकालाचा दिवस आठवणाऱ्या कोणालाहि करतां येईल. आज अमेरिकेंतील बहुतेक शाळा-कॉलेजांत खेळाडूंना असें अक्षर देण्याची पद्धति आहे, आणि तिचें मूळ या घडी केलेल्या सदऱ्यांत आहे.

दुसरें उदाहरण ओहायो स्टेट विद्यापीठाचें. ओहायो संस्थानाचा वृक्ष 'बकाय' नांवाचा आहे. त्याचें पान हाताच्या पंजासारखें, पांच बोटांचें. १९६८ मध्यें तेथील प्रख्यात प्रशिक्षक वुडी हेज यांच्या संघांत अशी रीत सुरू झाली कीं, सामन्यांत ज्यानें चांगली कामगिरी केली त्याच्या शिरस्त्राणावर त्या पानाचें एक लहानसें चित्र चिकटवावयाचें. संघाच्या प्रकृतीची देखरेख करणारे एर्नी बिग्ज यांचें नांव ह्या कल्पनेशीं जोडलेलें आहे. त्या वर्षी तो संघ एकहि सामना हरला नाहीं, आणि पानांचा महिमा वाढला. हंगामाच्या आरंभीं सर्वांचीं शिरस्त्राणें कोरीं असतात; अखेरीस कोणाचें पानांनीं झांकून गेलेलें असतें, तर कोणाचें बरेंचसें मोकळें राहतें. विडे उचलण्याची आपली जुनी रीत वाचकांना येथें आठवेल. पण फरक असा कीं, विडा कामगिरीपूर्वी उचलावयाचा असतो, आणि हें पान कामगिरीनंतर लागतें. एकांत प्रतिज्ञा आहे, दुसऱ्यांत साक्ष आहे.

तिसरें उदाहरण नेब्रास्का विद्यापीठाच्या काळ्या सदऱ्यांचें. १९६४ मध्यें खेळाचे नियम बदलून चढाई करणारे आणि बचाव करणारे खेळाडू वेगवेगळे ठेवण्याची मोकळीक झाली. तेव्हां सरावाच्या वेळीं दोन तुकड्या ओळखतां याव्यात म्हणून बॉब डेव्हेनी यांच्या संघाला वेगळ्या रंगाचे सदरे हवे होते. त्यांच्या एका साहाय्यकानें गांवांतील दुकानांतून काळे सदरे आणले. त्या रंगाला गिऱ्हाईक नसल्यामुळें ते स्वस्तांत मिळाले, असें सांगतात. बचावाच्या पहिल्या तुकडींतील खेळाडूंनाच ते घालावयास मिळूं लागले. सरावांत जो ढिला पडेल त्याच्याकडून सदरा काढून घेऊन अधिक झटणाऱ्यास तो देण्यांत येई. दुकानदाराच्या फळीवर पडून राहिलेलें हें कापड पुढें त्या संस्थानांतील मुलांच्या स्वप्नांत येऊं लागलें.

ह्या वस्तूंची बाजारांतील किंमत किती? कागदाचें पान, न खपलेलें कापड! मिशिगन आणि मिनेसोटा हीं दोन विद्यापीठें तर शंभराहून अधिक वर्षें एका मातीच्या सुरईसाठीं झुंजत आलीं आहेत. ती सुरई १९०३ मध्यें मिशिगनच्या संघानें पाण्यासाठीं तीस सेंटांस विकत घेतली आणि सामना बरोबरींत सुटल्यावर तेथेंच विसरून राहिली. मग या मोलाच्या गोष्टींना एवढी प्रतिष्ठा कशानें आली? माझ्या मतें दोन कारणांनीं. एक तर, त्या देणाऱ्यानें डोळ्यांनीं पाहून दिलेल्या असतात. प्रशिक्षक सामन्यानंतर सबंध खेळ पुन्हा पडद्यावर पाहतो, प्रत्येक गड्याची प्रत्येक हालचाल तपासतो, आणि मग पान देतो. दुसरें असें कीं, त्या न देण्याचें धैर्य त्याच्यापाशीं असतें. नेब्रास्कांत २००८ मध्यें नव्या प्रशिक्षकानें हंगाम बराच उलटेपर्यंत काळे सदरे कोणालाच दिले नव्हते. जो मान रोखून धरतां येत नाहीं, तो देतांहि येत नाहीं. तो केवळ वांटला जातो. पेढे वांटावेत, मान वांटूं नये.

एवढ्यावरून कोणी म्हणेल कीं हा सारा बलवंतांचाच उत्सव दिसतो. जो धिप्पाड, जो चपळ, त्यालाच मान. म्हणून टेक्सस संस्थानांतील ए अँड एम कॉलेजाची हकीकत सांगतों. २ जानेवारी १९२२ रोजीं डॅलस शहरीं त्या कॉलेजाचा सामना केंटकींतील सेंटर कॉलेजाशीं होता. प्रतिपक्ष नामांकित होता. ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी होऊं लागले, आणि राखीव गडी संपण्याची वेळ आली. ई. किंग गिल नांवाचा एक विद्यार्थी त्या दिवशीं वृत्तपत्रकारांच्या कक्षांत बसून त्यांना खेळाडू ओळखून देत होता. तो पूर्वी फुटबॉलच्या संघांत होता, पण बास्केटबॉल खेळावयाचें म्हणून त्यानें तो सोडला होता. प्रशिक्षकांनीं त्याला खालीं बोलावलें. त्यानें प्रेक्षकांच्या बांकांखालीं एका जखमी गड्याचा पोशाख अंगावर चढविला आणि मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला. सामना संपेपर्यंत तो उभा होता. ए अँड एमनें २२ विरुद्ध १४ गुणांनीं सामना जिंकला. गिलला आंत जाण्याची वेळच आली नाहीं.

ह्या न खेळलेल्या मुलाला त्या कॉलेजानें 'बारावा गडी' म्हणून चिरस्मरणीय केलें. आजहि तेथील विद्यार्थी सामना चालू असेपर्यंत बसत नाहींत. हजारो तरुण उभे असतात, म्हणजे बोलावणें आलें तर आम्ही तयार आहों. १९८३ मध्यें जॅकी शेरिल या प्रशिक्षकानें शिष्यवृत्ति न मिळालेल्या, केवळ हौसेनें संघांत आलेल्या विद्यार्थ्यांची एक तुकडी उभारून तिला घरच्या सामन्यांत मैदानावर धाडण्याचा प्रघात पाडला. पुढें त्या तुकडीच्या ऐवजीं अशा एका विद्यार्थ्याला १२ क्रमांकाचा सदरा देण्यांत येऊं लागला. कर्तृत्वाला मान कोणीहि देतो. सिद्धतेला मान द्यावयाला दृष्टि लागते. घरोघरीं असे बारावे गडी असतात. कोणाचें दुखणें निघालें, कोणाची परीक्षा आली, कीं हातांतलें काम टाकून उभे राहणारे. त्यांच्या सदऱ्याचा क्रमांक आपण कधीं पाहिला आहे काय?

अर्जित मानाची आणखी एक बाजू आहे. तो घेणाऱ्यावर ऋण चढवितो. मिसिसिपी विद्यापीठांत चकी मलिन्स नांवाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. त्याची आई तो लहान असतांनाच वारली होती. २८ ऑक्टोबर १९८९ रोजीं व्हँडरबिल्ट विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यांत प्रतिपक्षाच्या गड्याला अडवितांना त्याच्या मानेचीं हाडें मोडलीं, आणि त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. ह्याच विद्यापीठांत १९६२ मध्यें जेम्स मेरेडिथ हा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल होत असतां दंगल होऊन दोन माणसें मेलीं होतीं आणि सरकारला सैन्य पाठवावें लागलें होतें. त्याच मिसिसिपींत आतां गोऱ्या-काळ्यांनीं मिळून ह्या मुलाच्या शुश्रूषेसाठीं मोठा निधि जमविला. मलिन्स पुन्हा वर्गांत परतला. परंतु ६ मे १९९१ रोजीं त्याचें निधन झालें. १९९० पासून बचावाच्या फळींतील एका ज्येष्ठ खेळाडूला त्याच्या नांवाचा धैर्याचा पुरस्कार देण्यांत येतो, आणि त्याचा ३८ हा क्रमांक मिरविण्याचा मान त्या पुरस्काराशीं जोडला गेला.

'पदवी' ह्या शब्दाचा संस्कृतांतील मूळ अर्थ वाट असा आहे. ज्या वाटेनें पूर्वी कोणी गेला, ती पदवी. आपण तिचा अर्थ नांवापुढें लावावयाचीं अक्षरें असा करून ठेवला आहे. ३८ क्रमांकाचा सदरा ही मूळ अर्थानें पदवी आहे. तो घालणारा स्वतःचें नांव मोठें करण्यासाठीं घालीत नाहीं. दुसऱ्याच्या वाटेनें चालण्याचें कबूल करून घालतो.

आणि जिंकणाऱ्यानें हरणाऱ्याशीं कसें वागावें, हाहि मानाचाच प्रश्न आहे. अमेरिकेच्या भूदल आणि नौदल यांच्या विद्यालयांचा सामना १८९० पासूनचा आहे. आतां तेथें अशी रीत आहे कीं, सामना संपतांच दोन्ही संघ प्रथम हरलेल्यांच्या विद्यार्थ्यांसमोर जाऊन उभे राहतात, आणि त्यांचें विद्यालयगीत होतें. मग सर्वजण जिंकलेल्यांच्या बाजूला जातात, आणि त्यांचें गीत होतें. जिंकणें म्हणजे तेथें 'नंतर गाणें'. विजयाचा मान असा कीं, आधीं पराजिताच्या गीताला टोपी काढून उभें राहावयाचें. ही रीत मला ह्या सर्वांत श्रेष्ठ वाटते.

येथवर जें लिहिलें तें गोड आहे. परंतु नाण्याची दुसरी बाजू दाखविल्यावांचून हा लेख पुरा केला तर ती वाचकांची फसवणूक होईल.

ओहायो स्टेटमध्यें पानांहून जुना असा आणखी एक मान आहे. मिशिगन हा त्यांचा हाडवैरी. १९३४ मध्यें नवे प्रशिक्षक फ्रॅन्सिस श्मिट यांनीं म्हटलें कीं, तेहि आपल्यासारखेच एकेक पाय घालून विजार चढवितात. मग त्यांना भ्यावयाचें कशाला? त्या वर्षी ओहायोनें मिशिगनला ३४ विरुद्ध ० असें हरविलें, आणि तेव्हांपासून मिशिगनवर विजय मिळविणाऱ्या प्रत्येक खेळाडूला विजारीच्या आकाराचें इवलेंसें सुवर्णपदक देण्यांत येऊं लागलें. डिसेंबर २०१० मध्यें बाहेर आलें कीं, संघांतील पांच खेळाडूंनीं आपलीं पदकें, अंगठ्या, सदरे अशा मानचिन्हांची विक्री केली होती, किंवा त्यांच्या बदल्यांत गोंदवून घेण्यासारख्या सवलती घेतल्या होत्या. घरच्या अडचणीसाठीं त्यांनीं हा पैसा घेतला, असें विद्यापीठाच्या वतीनें त्या वेळीं सांगण्यांत आलें. त्यांना पुढील हंगामांतील पांच सामन्यांची बंदी झाली. प्रशिक्षक जिम ट्रेसल यांना हें आधीं कळलें असूनहि त्यांनीं तें दडविलें होतें. मे २०११ मध्यें त्यांनीं राजीनामा दिला, आणि २०१० चे सारे विजय दप्तरांतून काढून टाकण्यांत आले.

मानचिन्ह विकणें हें लाजिरवाणें खरें. पण क्षणभर थांबून दुसऱ्या पारड्यांतहि पाहूं या. ज्या खेळावर विद्यापीठें कोट्यवधि डॉलर मिळवीत होतीं, ज्यांतील मोठे प्रशिक्षक कित्येक संस्थानांत सर्वांत जास्त पगार घेणारे सरकारी नोकर होते, त्या खेळांत हाडें मोडून घेणाऱ्या मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे कांहीं घेण्याची मनाई होती. त्यांना सांगत, तुम्ही मानासाठीं खेळतां. सांगणारे मात्र मानावर राहत नव्हते. २०२१ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निकाल दिला कीं, खेळाडूंना शिक्षणाच्या अनुषंगानें मिळणाऱ्या लाभांवर अशी मर्यादा घालणें कायद्याविरुद्ध आहे. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नांवावर व छायाचित्रावर पैसे मिळविण्याची मोकळीक झाली. जून २०२५ मध्यें न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीनें तर विद्यापीठांनाच खेळाडूंना थेट पैसे देतां येऊं लागले. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सर्व खेळ मिळून सुमारें दोन कोटि पांच लाख डॉलरांपर्यंत.

यावर तेथील जुन्या मंडळींची तक्रार अशी कीं, पैसा आला आणि मान गेला. मुलें जास्त रक्कम देणाऱ्या विद्यापीठाकडे वर्षावर्षाला जातात. मग काळ्या सदऱ्यासाठीं दोन वर्षें कोण थांबणार? ही तक्रार अगदींच खोटी नाहीं. अर्जित मानाला मुक्काम लागतो. ज्यांनीं पाहिलें त्यांनींच तो द्यावयाचा, आणि पाहावयाला काळ जावा लागतो. परंतु तिच्यांतील गर्भित अर्थ, कीं मजुरी मिळाली म्हणजे मान उरत नाहीं, तो मला मान्य नाहीं. आपल्याकडे 'मानधन' हा शब्द आहे. संस्कृतांत तो विशेषण होता. मान हेंच ज्याचें धन तो मानधन. मराठींत आपण त्याचा अर्थ फिरविला, आणि पुरा पगार द्यावयाचा नसतो तेव्हां हातावर ठेवण्याच्या रकमेला मानधन म्हणूं लागलों! ओहायोच्या त्या मुलांना जें कित्येक वर्षें मिळालें, तें ह्या दुसऱ्या अर्थाचें मानधन होतें. त्यांनीं सोन्याची विजार विकली हा त्यांचा दोष. पण कमी दिलेल्या मोबदल्याची भर मानानें करावयाची ही दात्यांची रीत त्याहून जुनी होती.

सत्य असें आहे कीं, मान आणि मजुरी हीं दोन निराळीं देणीं आहेत. एक देऊन दुसरें फिटत नाहीं. आज लाखो डॉलर घेणाऱ्या खेळाडूच्या शिरस्त्राणावरहि तेंच कागदाचें पान लागतें, आणि तें त्याला विकत घेतां येत नाहीं. म्हणजे पैशानें मानाची जागा घेतली नाहीं. मानाला जें भलतें ओझें वाहावें लागत होतें तें उतरलें, इतकेंच.

घरांतील सुनेला 'अन्नपूर्णा' म्हणावें आणि तिच्या हातीं कधीं चार पैसे स्वतःचे असूं देऊं नयेत, किंवा मोलकरणीला 'घरच्यासारखी' म्हणून तिचा पगार वर्षानुवर्षें तितकाच ठेवावा, ही त्याच जुन्या कॉलेजांची रीत झाली. तसेंच मुलाला हवें तें आणून द्यावें, पण त्यानें खरोखर कष्ट करून एखादें गणित सोडविलें तेव्हां मान वर करून पाहूंहि नये, ही तिची उलटी बाजू. मजुरी मोजून द्यावी, आणि वेळेवर द्यावी. मान पाहून द्यावा. कशासाठीं दिला तें सांगावें. जेथें नाहीं तेथें देऊं नये, आणि जेथें आहे तेथें, तो माणूस मैदानाच्या कडेला नुसता उभा असला तरी, द्यावयास चुकूं नये.